विषय: ब्राइटची पानगळ, बुशवॉक आणि बाबांचे गुडघे

प्रेषक: पॉइंट कुक येथील सभासद
दिनांक: १४ मार्च

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझे आईबाबा या महिनाअखेरीस मिरजेहून येत असून जूनअखेरपर्यंत त्यांचा मुक्काम आमच्याकडे आहे. मागच्या खेपेस आम्ही त्यांना ग्रेट ओशन रोड एकाच दिवसात दाखवून आणला आणि परतल्यावर बाबांनी दोन दिवस अंथरूण सोडले नाही. यंदा तशी घाई करायची नाही, असे ठरवून अ‍ॅन्झॅक डेला (२५ एप्रिलच्या सैनिक स्मृतिदिनाच्या सुटीला) जोडून तीन रात्री व्हिक्टोरियाच्या डोंगरभागातील ब्राइट गावी राहण्याचा विचार आहे. बाबा ७२ वर्षांचे आहेत व त्यांचा उजवा गुडघा चढापेक्षा उतारावर अधिक त्रास देतो. आई रोज तासभर चालते, परंतु निसरड्या वाटेवर तिचा धीर सुटतो. मुलगा ११ वर्षांचा आणि मुलगी ६ वर्षांची आहे. मुलाला डोंगरमाथा गाठायचा आहे, आईला रंगीत पाने पाहायची आहेत आणि बाबांना, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, "बसायला जागा असेल तिथे" जायचे आहे. या सर्वांना झेपतील अशा पायवाटा कोणत्या, आणि मेलबर्नहून थेट जावे की वाटेत थांबावे, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कळावे, लोभ असावा.


प्रेषक: ग्लेन वेव्हर्ली येथील एक काका
दिनांक: १५ मार्च

सप्रेम नमस्कार.

आम्ही उभयता गेली अनेक वर्षे पानगळीत ब्राइटला जातो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम तारखांविषयी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत रंग चांगला असतो. अ‍ॅन्झॅक डेच्या सुमारास मात्र अर्धे मेलबर्न तेथे लोटते, गावातील पानगळीचा उत्सवही त्याच दिवसांत असतो, राहण्याचे दर वाढतात, आणि २५ एप्रिलला बरीच दुकाने दुपारी एकपर्यंत उघडतही नाहीत. मुलांची एका दिवसाची शाळा बुडवणे तुम्हाला चालणार असेल, तर मेच्या पहिल्या आठवड्यात शुक्रवार ते सोमवार जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेलबर्नहून ब्राइट सुमारे ३१० किलोमीटर आहे. ह्यूम फ्रीवेने बेनाल्ला गाठावे, ग्लेनरोवनपुढे स्नो रोडला वळून मिलावामार्गे ग्रेट अल्पाइन रोडला लागावे, म्हणजे उरलेला रस्ता द्राक्षमळ्यांमधून जातो आणि फ्रीवेचा कंटाळाही येत नाही. वाटेत दोनदा तरी थांबावे. ग्लेनरोवनला मुलांना नेड केली या दरोडेखोराचा भलामोठा पुतळा दाखवता येईल. १८८० च्या जूनमध्ये पत्र्याचे चिलखत घालून तो पोलिसांशी शेवटचा लढला तो याच गावात, आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला मेलबर्नमध्ये त्याला फाशी झाली. माझे मेहुणे त्याला इथला उमाजी नाईक म्हणतात. मला ती तुलना पटत नाही, पण गाडीत त्यावर तासभर वाद घालता येतो, हा तिचा उपयोग आहे.

आता पानांविषयी, कारण येथे अनेकांचा गैरसमज होतो. ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे रान सहसा पानगळीत रंगत नाही. निलगिरीची जवळजवळ सगळी जात सदाहरित आहे आणि तिच्यातील अनेक झाडे साल गाळतात. ब्राइटमध्ये जे लाल-पिवळे दिसते ते ओक, एल्म, पॉपलर, मेपल या झाडांचे असून ती सर्व बाहेरून येथे आणून लावलेली आहेत. म्हणून रंग पाहायचे असतील तर गावातील रस्त्यांवर, नदीकाठी आणि वँडिलिगाँगच्या खोऱ्यात फिरावे. बुशवॉकला, म्हणजे रानवाटांवर, जायचे असेल तर रंगाची अपेक्षा गावातच ठेवून जावे. दोन्ही एकाच वाटेवर शोधणारे हिरमुसून परततात.

बाबांसाठी मी डोळे मिटून सुचवीन ती ओव्हन्स नदीच्या काठाची कॅन्यन वॉक. गावातून निघून ती नदीच्या दोन्ही काठांनी जाते आणि मध्ये झुलता पूल आहे. संपूर्ण फेरी करण्याची गरज नाही, पुलापर्यंत जाऊन परतले तरी चालते. काही ठिकाणी पायऱ्या व ओबडधोबड खडक आहेत, तेथे आईंनी काठी घ्यावी. या वाटेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे एकोणिसाव्या शतकातील सोन्याच्या खाणकामगारांनी नदीकाठच्या कातळात हाताने खोदलेले पाट. सोन्याची माती पाण्याबरोबर लाकडी पन्हाळीतून सोडायची, जड सोने तळाशी बसायचे आणि उरलेला गाळ व पाणी या पाटांतून पुन्हा नदीत जायचे. त्या श्रमाचा विचार करत बसावे, असे ते ठिकाण आहे. या खोऱ्यातील खाणींवर चिनी लोक मोठ्या संख्येने होते, आणि जवळच्या बकलंड खोऱ्यातून ४ जुलै १८५७ रोजी गोऱ्या खाणकामगारांनी त्यांना मारहाण करून हुसकावून लावले, हेही मुलांना सांगावे. वँडिलिगाँगला मोर्सेस क्रीकवर आजही 'चायनीज स्विंग ब्रिज' नावाचा झुलता पूल आहे आणि तेथील 'डिगिंग्ज वॉक' तुमच्या मुलीलाही सहज जमेल.

ब्राइटला १८९० मध्ये आलेली रेल्वे १९८३ मध्ये बंद झाली आणि तिच्या मार्गावर आता सायकलींची वाट आहे. रूळ गेले तरी रेल्वेचा उतार कायम आहे, म्हणजे जवळजवळ सपाट! ब्राइट ते पोरपंका हा सहा-सात किलोमीटरचा तुकडा मुलांना भाड्याच्या सायकली देऊन करावा.

मुलाच्या डोंगरमाथ्यासाठी माउंट बफेलो आहे. ह्यूम आणि हॉव्हेल या प्रवाशांनी १८२४ मध्ये आकारावरून त्याला हे नाव दिले आणि १८९८ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. सर्वांत उंच टोक 'द हॉर्न' १७२३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून उंच, परंतु गाडी बरीच वर जाते आणि शेवटची जेमतेम दीड किलोमीटरची ये-जा तेवढी पायी करावी लागते. ती चढणीची व खडकाळ आहे. मुलाने जावे, बाबांनी खाली बसावे. बाबांसाठी वर दोन जागा आहेत. १९१० साली बांधलेल्या आणि २००७ पासून बंद असलेल्या शॅले या जुन्या हॉटेलसमोरच्या बेंट्स लुकआउटवर गाडीतून उतरून काही पावलांतच सरळसोट ग्रॅनाइटचे कडे दिसतात, आणि कॅटानी तलावाभोवतीची वाट फारशी चढउताराची नाही. निघण्यापूर्वी उद्यानाचा रस्ता खुला आहे ना, हे पार्क्स व्हिक्टोरियाच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावे.

शेवटची सूचना अनुभवाची. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे जातात आणि मेमध्ये तेथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी आम्ही बफेलोवर सूर्यास्त पाहण्याचा हट्ट धरला आणि उतरताना एका वळणावर कांगारू थेट दिव्यासमोर आला. माणसे बचावली, गाडीचे नाक गेले, फोनला रेंज नव्हती, आणि दुसरी गाडी येईपर्यंत पाऊण तास आम्ही थंडीत कुडकुडत उभे होतो. तेव्हापासून चार वाजता आम्ही डोंगर सोडतो.

जाता जाता: हे गाव ज्यांच्या नावावरून ओळखले जाते ते जॉन ब्राइट म्हणजे ब्रिटिश संसदेत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर कडक टीका करणारे तेच गृहस्थ. बाबांना इतिहासाची आवड असल्यास सांगावे.

आपला,
ग्लेन वेव्हर्लीचा काका


प्रेषक: क्लेटन येथील सभासद
दिनांक: १५ मार्च

नमस्कार.

काकांनी सर्व काही लिहिले आहे, परंतु मी औषधांच्या दुकानात काम करत असल्याने एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते. पानगळीतच येथे अळंबी उगवतात. ब्राइटला पाइन वृक्षांखाली लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी हमखास दिसतात आणि चित्रातल्यासारखी दिसत असल्याने लहान मुले ती उचलतातच. ती विषारी आहेत. त्याहून घातक म्हणजे ओकखाली उगवणारी फिकट हिरवट-पिवळसर 'डेथ कॅप'. ती शिजवूनही विष जात नाही, आणि लक्षणे कित्येक तासांनी दिसत असल्याने माणूस गाफील राहतो. गावाकडे पावसाळ्यात अळंबी गोळा करून भाजी करणारे आपले ज्येष्ठ येथेही त्याच विश्वासाने खाली वाकतात. माझ्या सासूबाईंनी ओट्यावर ठेवलेली पाटी मी स्वतः कचऱ्यात ओतली आहे आणि त्या दिवशीचा अबोला अजून माझ्या लक्षात आहे. चुकून काही खाल्ले गेलेच तर लक्षणांची वाट न पाहता १३ ११ २६ या क्रमांकावर विषबाधा केंद्राला फोन करावा. माणूस कोसळला असेल तर थेट ०००.

आई बसल्या बसल्या काही गोळा करू इच्छित असतील तर त्यांना चेस्टनट विकत घेऊन द्यावेत. त्या भागात ते याच दिवसांत ताजे मिळतात. सालीवर सुरीने फुली मारूनच भाजावेत, अन्यथा ते फुटतात. चव थेट फणसाच्या भाजलेल्या आठळ्यांची.

आपली,
क्लेटनची एक सभासद


प्रेषक: टार्नेट येथील सभासद
दिनांक: १६ मार्च

नमस्कार. केवळ जेवणाविषयी लिहितो. ओट्याची सोय असलेले घरच घ्यावे. लहान गावात पबचे स्वयंपाकघर लवकर बंद होते, आणि आठनंतर पोहोचलेल्या शाकाहारी माणसाच्या वाट्याला बटाट्याच्या फोडी येतात. आम्ही भाजणी, मेतकूट आणि लहान कुकर नेतो व सुखी असतो.


प्रेषक: पॉइंट कुक येथील सभासद
दिनांक: ११ मे

सर्व मार्गदर्शकांस सप्रेम नमस्कार.

आम्ही काकांच्या सूचनेप्रमाणे तारीख पुढे ढकलली आणि काल रात्री सुखरूप परतलो, म्हणून हा वृत्तांत.

आदल्या आठवड्यात वारा झाल्यामुळे पॉपलर जवळजवळ उघडे झाले होते, पण ओक आणि मेपल भरलेले होते, आणि आईने पहिल्याच सकाळी रस्त्यावरची पाने वेचून माझ्या लॅपटॉपच्या पिशवीत भरली. पहाटे गाडीच्या काचेवर दव गोठलेले असे. भाजणीच्या थालीपीठाची किंमत मला तेव्हा कळली. माझे स्वतःचे बूट, जे मी सहा वर्षे कपाटात जपून ठेवले होते, बफेलोच्या पायथ्याशी लेडीज बाथ धबधब्याकडे जाताना तळव्यापासून सुटले, आणि उरलेली वाट मी मुलीच्या केसांच्या रिबिनीने बूट बांधून पूर्ण केली. बूट घरातून निघण्यापूर्वी वाकवून पाहावेत, ही माझी भर. मुलगा हॉर्नवर जाऊन आला आणि तेव्हापासून कळसूबाईचे नाव काढले की तो किंचित हसतो, हे मला फारसे आवडलेले नाही.

बाबांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत, हे मी पहिल्या पत्रात लिहिले नव्हते, कारण त्याचा सहलीशी संबंध असेल असे मला वाटलेच नाही. कॅन्यन वॉकवर पहिला कातळातला पाट दिसला तेव्हा ते काठी टेकून उभे राहिले. मग त्यांनी मुलाच्या हातातील अर्धी रिकामी बाटली मागून घेतली, पाटाच्या तळावर ती आडवी ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवून पाण्याची रेघ कोणत्या टोकाला सरकते ते पाहत राहिले. चार पावले पुढे जाऊन पुन्हा तेच. "ज्याने हा काढला त्याला उतार डोळ्यांनी कळत होता," एवढेच ते म्हणाले. कडेच्या कातळावरील छिन्नीचे घाव ते बोटाने मोजत होते आणि माझी मुलगी शेजारी बसून आकडे मोठ्याने म्हणत होती. झुलत्या पुलापर्यंत आम्ही त्या दिवशी पोहोचलोच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बफेलोला निघालो तेव्हा बाबांनी येण्यास नकार दिला. त्यांना गावातील हार्डवेअरच्या दुकानातून मोजपट्टी हवी होती. आई त्यांच्यासोबत राहिली. साडेचारला आम्ही परतलो तेव्हा दोघे नदीकाठच्या बाकावर चेस्टनट सोलत बसले होते आणि चेस्टनटच्या कागदी पिशवीच्या पाठीवर एका पाटाचा छेद मापांसह काढलेला होता. गुडघ्याचे विचारले तर ते म्हणाले की आठवण झाली नाही.

आता एक विनंती. ब्राइट, वँडिलिगाँग किंवा बकलंड खोऱ्यातील त्या काळच्या पाटांचे जुने नकाशे अथवा मोजणीचे कागद कोठे पाहायला मिळतील, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. ब्राइटच्या जुन्या स्टेशनातील संग्रहालय आम्ही पोहोचलो तेव्हा बंद होते. बाबांचे परतीचे तिकीट ३० जूनचे आहे आणि ते रोज सकाळी चहाबरोबर याचीच चौकशी करतात.

कळावे, लोभ असावा.