फळमाशीचं कृत्रिम खाद्य: ट्रे आंबतो, तापतो, कोष बारीक होतात

कीटक_शिवाजीनगर
पेरूतून मिळवलेली फळमाशी (बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस) प्रयोगशाळेत मोठ्या संख्येने वाढवायची आहे. मार्केट यार्डातला गव्हाचा कोंडा, साखर आणि बेकरीचं ड्राय यीस्ट एवढंच वापरतोय. तिसऱ्या दिवशी मिश्रण फुगतं, बुरशी धरते. सहाव्या दिवशी ट्रे हाताला गरम लागतो, अळ्या वाढ पुरी होण्याआधीच बाहेर पडतात. खोली २७ अंशांवर आहे. काय बदलू?

खाद्य_आणि_अळी
बेकरीचं यीस्ट जिवंत असतं, त्यामुळे फुगणारच. टोरुला (खाद्यासाठी मिळणारं मृत यीस्ट) किंवा मृत ब्रुअर्स यीस्ट घ्या. बेकरीचंच वापरायचं असेल तर पाण्यात कालवून उकळा.

एक किलो खाद्यासाठी: कोंडा २६५ ग्रॅम, साखर ९०, यीस्ट ४०, सायट्रिक आम्ल सुमारे २०, सोडियम बेंझोएट आणि निपॅजिन (मिथाइल पॅराबेन; दोन्ही बुरशी रोखणारी परिरक्षकं) प्रत्येकी १.३ ग्रॅम, पाणी ५८० मिली. सामू ३.५ ते ४ ठेवा. बेंझोएट आम्लातच काम करतं; सामू ५ च्या वर गेला की ते घालून न घातल्यासारखं. मात्र बेंझोएट आणि आम्ल थोड्याशा पाण्यात एकत्र विरघळवू नका, पांढरा साका बसतो आणि परिरक्षक तिथेच अडकतो. बेंझोएट भरपूर पाण्यात आधी, आम्ल सगळ्यात शेवटी. निपॅजिन गार पाण्यात नीट विरघळत नाही, थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या.

कोंडा मात्र पारखून घ्या. साठवणुकीत कीटकनाशक मारलेला असेल तर पहिल्या अवस्थेतल्या अळ्या मरतात आणि दोष पाककृतीवर येतो. नवं पोतं आलं की आधी एका छोट्या ट्रेवर तपासा.

पिंजरा_नंबर_दोन
गरमीचं कारण अळ्याच आहेत. तिसऱ्या अवस्थेत त्यांच्या हालचालीने आणि चयापचयाने ट्रेमधलं तापमान खोलीपेक्षा बरंच वर जातं. खाद्याचा थर २-३ सेंटिमीटरच ठेवा, अंडी कमी टाका (खाद्याच्या ग्रॅमला दहा अंड्यांपासून सुरुवात करून बघा) आणि पाचव्या दिवसापासून खोली २३-२४ अंशांवर आणा. थर्मामीटर भिंतीवर नको, खाद्यात खुपसा. पहिले दोन दिवस ट्रे झाकून ठेवा, नाहीतर वरचा थर सुकतो आणि नुकत्या फुटलेल्या अळ्या आत शिरूच शकत नाहीत. पावसाळ्यात झाकण लवकर काढा.

कीटक_शिवाजीनगर
धन्यवाद. कोष लगेच चाळले तर चालतील का?

पिंजरा_नंबर_दोन
नको! अळ्या ट्रेमधून उडी मारून कोषासाठी ठेवलेल्या वाळूत गेल्या की तिथेच राहू द्या. कोषाच्या सुरुवातीच्या दिवसांत धक्का बसला तर उडण्याचे स्नायू दुखावतात, माशी पंख पाडून बसते. डोळ्यांचा रंग कवचातून दिसू लागला की चाळा. प्रौढांना साखर आणि यीस्ट हायड्रोलायसेट (विघटित यीस्ट, प्रथिनासाठी) ३:१, कोरडं, पाणी वेगळं. प्रथिनाशिवाय माद्या अंडी धरत नाहीत. अंड्यांसाठी बारीक भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बाटली, आतून पेरूचा रस फिरवलेली.