पंपाच्या सक्शनला रेड्यूसर बसवताना सपाट बाजू वर की खाली?

प्रश्न
नमस्कार. आमच्या कारखान्यात जमिनीखालच्या टाकीतून पाणी उचलणारा पंप आहे. सक्शनची (पाणी ओढून घेणारी) आडवी लाइन १५० एनबीची (एनबी म्हणजे पाइपाचे नाममात्र माप, मिमीमध्ये), तर पंपाच्या तोंडाची फ्लँज १०० एनबीची असल्याने ठेकेदाराने मध्ये कॉन्सेंट्रिक रेड्यूसर (माप लहान करणारा, दोन्ही तोंडे एकाच मध्यावर असलेला जोड) वेल्ड केला. पंप चालू केला की थोड्या वेळाने आतून खडे घोळल्यासारखा आवाज येतो, गेजचा काटा थरथरतो आणि पंप हवा धरतो. एक्सेंट्रिक रेड्यूसर (एक बाजू सपाट आणि समोरची उतरती असलेला) घालावा असे ठरले आहे, मात्र पाइप सपोर्टवर नीट बसावा म्हणून सपाट बाजू खाली ठेवा, असे फिटर म्हणतो. ते योग्य आहे का?

उत्तर १
येथे सपाट बाजू वरच हवी. १५० एनबीचा बाहेरचा व्यास १६८.३ मिमी आणि १०० एनबीचा ११४.३ मिमी धरला, तर सध्याच्या रेड्यूसरमध्ये पाइपाचा माथा पंपाच्या तोंडाच्या माथ्यापेक्षा २७ मिमी उंच राहतो. त्या खोबणीत हवा साठते आणि साठलेली हवा अधूनमधून इम्पेलरकडे (पंपातल्या फिरत्या चाकाकडे) ओढली जाते. सपाट बाजू खाली ठेवल्यास ही उंची दुप्पट, म्हणजे ५४ मिमी होईल आणि दुखणे वाढेल. सपाट बाजू वर घेतल्यावर लाइनचा मध्य पंपाच्या मध्यापेक्षा २७ मिमी खाली जाईल, त्यामुळे सपोर्ट तेवढे उतरवावे लागतील. मात्र कापाकापीआधी ग्लँड (पंपाच्या शाफ्टभोवतीचे सील) आणि फ्लँजच्या गॅस्केटमधून हवा शिरत नाही ना, हे पाहून घ्यावे. तसे असेल तर रेड्यूसर बदलूनही उपयोग नाही.

उत्तर २
आपला फिटर बहुधा स्टीम लाइनवर काम केलेला असावा. तेथे सपाट बाजू खालीच ठेवतात, कारण तळाशी पायरी राहिली तर कंडेन्सेट (वाफेचे झालेले पाणी) साचते आणि वॉटर हॅमरचे दणके बसतात. पाइप रॅकवरही (अनेक पाइप शेजारी शेजारी पेलणाऱ्या सांगाड्यावरही) सगळ्या लाइनींचा तळ एका पातळीत राहावा म्हणून तसेच करतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. गॅस्केट ठीक निघाले. नवा रेड्यूसर आणला, पण तो पाइपाला जुळत नाही. टेप गुंडाळून मोजले, तेव्हा पाइपाचा घेर ५१९ मिमी आणि रेड्यूसरच्या मोठ्या तोंडाचा ५२९ मिमी भरला. दुकानदाराने चुकीचा माल दिला काय?

उत्तर १
दुकानदाराची चूक नाही. आपला पाइप आयएस १२३९ या भारतीय मानकाचा आहे, त्यात १५० एनबीचा बाहेरचा व्यास १६५.१ मिमी असतो; बट वेल्ड (टोकाला टोक भिडवून जोडायचा) रेड्यूसर अमेरिकन मापाचा, म्हणजे १६८.३ मिमीचा. १०० एनबीला दोन्हींचे माप एकच असल्याने लहान तोंडाकडे ही अडचण येत नाही. पाइप सी क्लासचा, ५.४ मिमी जाडीचा असेल आणि रेड्यूसर शेड्यूल ४० चा, ७.११ मिमीचा असेल, तर आतला व्यास दोन्हीकडे १५४ मिमीच्या आसपासच येतो. म्हणून वेल्डरला बाहेरून नव्हे, आतून जुळवून टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारायला सांगा; बाहेर उरलेली दीड मिमीची पायरी वेल्डच्या उतारात सहज मिटते.