बेंच प्रेसचे कोणते प्रकार ठेवू, कोणते काढू? वरची छाती मागे पडतेय

सोमवारचा_बेंच

छाती आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार. दोन्ही दिवशी सारखंच: फ्लॅट (सपाट बेंचवर) बारबेल 70 किलो 4×8 (म्हणजे 8 रेप्सचे, 8 वेळा उचलायचे, 4 सेट), डिक्लाइन (डोकं खाली) बारबेल 3×10, मशीन प्रेस 3×12 आणि शेवटी इनक्लाइन (डोकं वर) बारबेल 50 किलो 3×10. छातीचा खालचा भाग बऱ्यापैकी भरलाय, पण कॉलरबोनखाली पाटी कोरीच. इनक्लाइनला खांद्याचा पुढचा भाग पेटतो, छातीत काहीच जाणवत नाही. शिवाय फ्लॅटला बार वर जाताना उजवी बाजू आधी पोचते.

डंबेलवर यावं का? डिक्लाइन काढावं का? आणि आतल्या छातीसाठी क्लोज ग्रिप (बारवर हात जवळजवळ धरून) लावू का?

पाती_मागे

आधी एक काम करा. बेंचच्या पाठीवर मोबाइल ठेवा, लेव्हलचं ॲप उघडा आणि कोन मोजा. बऱ्याच फिक्स इनक्लाइन बेंच 45 अंशांच्या किंवा त्याहून उभ्या असतात. छातीच्या स्नायूचा वरचा भाग कॉलरबोनपासून निघून दंडाच्या हाडाला चिकटतो, हाताला पुढे-वर ओढणं हे त्याचं काम. 30 अंशांच्या आसपास ते त्याला नीट करता येतं. पाठ जितकी उभी कराल तितका भार पुढच्या डेल्टॉइडकडे (खांद्याच्या स्नायूकडे) सरकतो, आणि 60 अंशांवर ती जवळजवळ शोल्डर प्रेसच झालेली असते. खांदा पेटतो तो त्यामुळेच.

दुसरी चूक बार टेकवण्याच्या जागेची. फ्लॅटला बार निपलच्या रेषेत किंवा किंचित खाली टेकतो. इनक्लाइनला तो वर, कॉलरबोनखाली तीन-चार बोटांवर यायला हवा, आणि खाली असताना मनगट कोपराच्या बरोबर वर. सवयीने फ्लॅटच्याच जागी बार आणलात तर कोपर मागे राहतात, मनगटं पुढे जातात आणि बार पोटाकडे पळतो.

तिसरं, इनक्लाइनवर माणूस खाली घसरतो. घसरला की मागे आवळलेली खांद्याची पाती सुटतात, खांदे पुढे येतात, छाती दबते. बेंचची सीट एक खाच वर करा, पाय जमिनीत रोवा, पाती मागे आणि खाली ओढा आणि मगच बार उचला. सुरुवातीला 40 किलोवर या. लाज वाटायचं काही कारण नाही, कोन बदलला की जुना आकडा लागू होत नाही.

सव्वा_किलो

कोनाचं पटलं, पण खरं दुखणं हिशोबात आहे. दिवसाला 13 सेट, आठवड्याला 26. त्यातले वरच्या छातीचे फक्त 6, तेही शेवटी, ट्रायसेप्स (दंडामागचा स्नायू) दमल्यावर. फ्लॅट, डिक्लाइन आणि मशीन हे एकच काम तीनदा करताहेत. सोमवार-गुरुवार वेगळे करा:

सोमवार: इनक्लाइन बारबेल 30 अंश 4×6-8, मग फ्लॅट डंबेल 3×8-10, मग केबल फ्लाय (केबल मशीनवर हात बाजूंनी पुढे जवळ आणणं) 2×12-15.
गुरुवार: फ्लॅट बारबेल 4×6-8, मग इनक्लाइन डंबेल 15-30 अंश 3×10-12, मग फ्लाय 2×12-15.

झाले आठवड्याला 18 सेट. प्रेसच्या सेटमध्ये 2-3 मिनिटं विश्रांती, आणि फॉर्म न मोडता अजून एक-दोन रेप निघतील तिथे थांबा. सगळ्या सेटमध्ये रेप्सची वरची मर्यादा गाठलीत की मगच वजन वाढवा: बारला दोन्हीकडे 1.25 किलो, डंबेलला पुढची जोडी.

डंबेलवर बारचं वजन अर्धं-अर्धं वाटून घेऊ नका. इनक्लाइन बार 50 चा असेल तर प्रत्येक हातात 17.5 पासून सुरू करा, कारण डंबेल डगमगू न देण्यातही ताकद जाते. मांडीवर उभे ठेवा, गुडघ्याने एकेक ढकलत खांद्याशी आणा. खाली छातीच्या बाजूपर्यंत, खांदा पुढे सरकू लागायच्या आत थांबा. वर नेऊन एकमेकांवर ठण्णकन आपटण्यात फायदा शून्य. तिथे वजन सरळ हाडांवर उभं असतं, छातीला आराम.

उजवी बाजू आधी पोचते त्याचा दोष लगेच डाव्या हाताला देऊ नका. बार रॅकवर मधोमध आहे का आणि दोन्ही करंगळ्या बारवर कोरलेल्या खुणेच्या रिंगपासून सारख्या अंतरावर आहेत का, ते बघा. बार बदलला तर रिंगही फसवते: पॉवरलिफ्टिंगच्या बारवर दोन रिंगमधलं अंतर 81 सेंमी, वेटलिफ्टिंगच्या बारवर 91. हे सगळं ठीक असूनही फरक राहिला तर डंबेलचे सेट डावा हात थांबेल तिथे संपवा. उजव्याला जास्तीचे रेप्स देऊ नका.

सोमवारचा_बेंच

मोजलं. 48 अंश! जिममध्ये ॲडजस्टेबल बेंच एकच आहे, कायम कोणीतरी बसलेलं असतं. आणि क्लोज ग्रिपचं राहिलं.

कोपर_आत

बेंच रिकामी नसेल तर साध्या फ्लॅट बेंचचं डोक्याकडचं टोक भक्कम स्टेपवर किंवा सपाट रबरी प्लेटांवर चढवा. 120 सेंमी लांबीची बेंच एका टोकाला 20 सेंमी उचलली की साधारण 10 अंश मिळतात. थोडे वाटतात, पण डंबेलला चालून जातात. आधी रिकामे बसून हलवून बघा. डगमगली तर नाद सोडा.

क्लोज ग्रिपने आतली छाती वेगळी बनत नाही. मधले तंतू उरोस्थीपासून निघून थेट दंडापर्यंत जातात, त्यांचं फक्त आतलं टोक आवळता येत नाही. मधली फट किती दिसणार हे स्नायू हाडाला कुठे चिकटलाय यावर ठरतं. क्लोज ग्रिप ट्रायसेप्ससाठी उत्तम, तीही खांद्याइतक्या अंतरावर. हात एकमेकांना चिकटवून धरलात तर मनगटं मोडतात आणि बार तराजूसारखा झुलतो.

डिक्लाइनबद्दल सव्वा_किलो यांच्याशी थोडा मतभेद. फ्लॅटला ज्यांचा खांदा पुढून दुखतो, त्यांच्यातल्या काहींना 15 अंशांच्या डिक्लाइनवर दुखत नाही, कारण तिथे दंड धडापासून तितका वर जात नाही. अशांनी फ्लॅटच्या *जागी* डिक्लाइन ठेवावं. तुमचा खांदा ठणठणीत असेल तर काढा.

आणि एकटे करत असाल तर रॅकमध्ये सेफ्टी पिन (पडणारा बार अडवणारे आडवे दांडे) लावा, छाती फुगवल्यावरच्या उंचीपेक्षा बोटभर खाली. इनक्लाइनला पिनची उंची वेगळी लागते, फ्लॅटची तशीच ठेवली तर बार पिनवर टेकण्याआधी तुमच्यावर टेकतो. अंगठा बारभोवती गुंडाळलेला हवा. रिकाम्या बारवर एकदा खालपर्यंत येऊन बघा, मगच प्लेट चढवा.