'कॅलिबर'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेच्या 'मिझुरी' जहाजावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात तोफांचं वर्णन '16 इंच, 50 कॅलिबर' असं आहे. मी लिहिलं, "16 इंच लांबीच्या, 50 कॅलिबरच्या नऊ बंदुका." वाचताना खटकतंय. कॅलिबरला नेमका शब्द कोणता?

---

खटकणारच. आधी 'बंदुका' काढा. इंग्रजीत जहाजावरच्या तोफेलाही गनच म्हणतात, पण आपल्याकडे बंदूक माणसाच्या हातात असते. आणि 16 इंच ही लांबी नव्हे, नळीच्या पोकळीचा व्यास आहे. मराठीत '16 इंची तोफ' म्हटलं की भागतं.

घोळ आहे तो 50 मध्ये. 'पॉइंट 50 कॅलिबर' मशीनगन म्हणजे अर्धा इंच व्यासाची. जहाजी तोफेत मात्र 50 कॅलिबर म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या 50 पट. 16 गुणिले 50 म्हणजे 800 इंच, साधारण 20 मीटर. नळी लांब असली की दारूचा वायू गोळ्याला जास्त वेळ रेटतो आणि गोळा जास्त वेगाने सुटतो, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. एकाच शब्दाचे दोन अर्थ असल्यामुळे मी तो अशा लेखात टाळतो. एका ठिकाणी 'व्यास', दुसऱ्या ठिकाणी 'पट' लिहितो. वाचक अडखळत नाही.

शब्द आला फ्रेंचमधून. त्याचं मूळ अरबी 'कालिब', म्हणजे साचा, असं बहुतेक मानतात. 'त्या कॅलिबरचा माणूस' हे आपण रोज म्हणतो, ते याच मापावरून.

नुसत्या आकड्यांवर विसंबू नका, कारण नाव मुद्दाम खोटंही ठेवलेलं असतं. जपानच्या 'यामातो' जहाजावरच्या तोफा 46 सेंटिमीटरच्या होत्या, बॅटलशिपवर, म्हणजे जाड चिलखताच्या आणि मोठ्या तोफांच्या लढाऊ जहाजावर, चढवलेल्या सगळ्यांत मोठ्या. खरं माप लपवायला जपानी आरमाराने कागदोपत्री त्यांना '40 सेंटिमीटर' म्हटलं होतं.

लंडनला इम्पीरियल वॉर म्युझियमच्या दारात दोन 15 इंची तोफा आहेत, एके काळी 'रॅमिलीज' आणि 'रेझोल्यूशन' या जहाजांवर होत्या. एकेकीचं वजन 100 टन. मी तोंडाखाली उभं राहून आत पाहिलं. कडेपासून आत वळत गेलेल्या खाचा दिसतात; त्यांच्यामुळे गोळा स्वतःभोवती गरगरत सुटतो आणि सरळ जातो. 15 इंच हे माप मला खरं कळलं ते तिथे. तोवर ते छापील आकडा होतं.

---

दादा, आणखी दोन शंका. शेल तर लांबट, टोकदार असतो. त्याला 'गोळा' चालेल? आणि टरेटला काय म्हणू?

---

गोळाच म्हणा. आकार बदलला तरी शब्द टिकला, तोफ डागणाऱ्याला म्हणतात त्या 'गोलंदाज'सारखा. 'मिझुरी'चा चिलखत फोडणारा गोळा सुमारे 1,225 किलोचा, आणि त्याच्यामागे दारूच्या सहा पिशव्या, प्रत्येकी साधारण 50 किलोची. पिशव्या रेशमी, कारण रेशीम पूर्ण जळून जातं. नळीत धुगधुगती चिंधी उरली तर पुढची दारू भरतानाच पेट घेईल. हे लेखात जरूर घ्या.

टरेटला मी 'फिरता बुरूज' म्हणतो. बुरुजावरची तोफ आपल्या डोळ्यांसमोर असतेच, इथे अख्खा बुरूजच वळतो. तुमचं वाक्य असं करून बघा: "मिझुरीवर तीन फिरत्या बुरुजांत मिळून नऊ 16 इंची तोफा आहेत, प्रत्येकीची नळी व्यासाच्या 50 पट लांब."

---

फारच छान बसलं. आणि बॅटलशिपला 'युद्धनौका'?

---

नको. आपण कुठल्याही लढाऊ जहाजाला युद्धनौका म्हणतो. 1961 मध्ये दीववर मारा करणारी 'आयएनएस दिल्ली'सुद्धा युद्धनौकाच, पण ती होती 6 इंची तोफांची क्रूझर, म्हणजे बॅटलशिपहून लहान, हलकं लढाऊ जहाज. भारताकडे बॅटलशिप कधी नव्हतीच, म्हणून वेगळा शब्द रुळला नाही. सरळ 'बॅटलशिप' लिहा.