कुमाऊँला हिमशिखरांसाठी टेलिफोटो लेन्स, बजेट ४० हजार, सल्ला हवाय

मेघना_कोथरूड
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यात आईबाबांना घेऊन उत्तराखंडात कुमाऊँला चाललेय, काठगोदाम - बिनसर - मुनस्यारी - कौसानी असा बेत आहे. कॅमेरा कॅननचा आर ५०, सोबत मिळालेली १८-४५ मिमी लेन्स. तिच्यात लांबचं शिखर अगदी चिमुकलं येतं. मुनस्यारीसमोरची पंचाचुली नीट हवीय, पाचही शिखरं एका फ्रेममध्ये आणि जमलं तर एकेक वेगळं. बजेट ४० हजार, त्याच्यावर खरंच नाही जमणार. आणि वजन कमी हवं, आईचे गुडघे दुखतात त्यामुळे चढावर तिचा हात धरावा लागतो. पक्षी वगैरे काढायचे नाहीत, फक्त डोंगर.

डोंगरदऱ्या
डोळे झाकून टॅमरॉन १५०-६०० घे. संदकफूहून मी कांचनजंगा काढलाय तिच्यावर, कड्यावरून उडणारा बर्फसुद्धा दिसतो, घरी मोठी फ्रेम करून लावलाय आणि येणारा प्रत्येक माणूस विचारतो. बजेट थोडं वाढव, एकदाच घ्यायची तर चांगली घ्यावी.

लेन्सप्रेमी_ठाणे
अहो दोन किलोची लेन्स आहे ती! ताईंनी वजन कमी हवं म्हटलंय. शिवाय आर ५० ला थेट बसत नाही, अडॅप्टर (मधली जोडकडी) लागतो. ताई, कॅननचीच आरएफ १००-४०० घ्या. ६३५ ग्रॅम फक्त, माझ्याकडे आहे, आजवर एकदाही निराश केलं नाही.

डोंगरदऱ्या
अडॅप्टर म्हणजे काय फार मोठी गोष्ट नाही. आणि १००-४०० पण बजेटच्या बाहेरच आहे की.

वाटाड्या
लेन्सचं मला कळत नाही पण काठगोदामहून मुनस्यारी एका दमात करू नका, आईबाबा असताना तर मुळीच नको. तुम्ही बिनसरला थांबताय ते चांगलंय, पुढे चौकोडीलाही मुक्काम टाका, तिथूनही नंदादेवी, पंचाचुली दिसतात. वाटेत बिर्थीचा धबधबा लागतो, मग कालामुनीचा घाट चढून पलीकडे उतरलं की समोर पंचाचुली. त्या घाटात वळणं फार, उलटीची गोळी जवळ ठेवा.

सह्यवारा
+१ चौकोडीला. कौसानीपेक्षा कधीही शांत.

गिरिजा_नाशिक
कौसानीला का नावं ठेवता, त्रिशूळ शिखर कौसानीइतकं समोर दुसरीकडे कुठे दिसतं? आम्ही गेलो तेव्हा सगळी रांग लख्ख होती.

जुना_कॅमेरावाला
सेकंडहँडचा विचार करत असाल तर आधी ऐका. मी एका दुकानातून वापरलेली ७०-३०० घेतली, दुकानदाराने नव्यासारखी आहे म्हणून छातीठोक सांगितलं, घरी येऊन टॉर्च मारला तर आत बुरशीचं जाळं. परत घ्यायला तयार नाही. तेव्हा मागच्या काचेतून टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, दुकान कितीही मोठं असो.

प्रकाशरेषा
मेघना, कोणती लेन्स चांगली हे बाजूला ठेव, आधी तुला किती लांब हवंय ते मोजू. आर ५० चा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) २२.३ मिमी रुंद आहे. डोंगराचं अंतर गुणिले २२.३ भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), की फ्रेममध्ये किती किमीचा पट्टा येतो ते कळतं. मुनस्यारीपासून पंचाचुली सरळ रेषेत साधारण २४ किमी. म्हणजे ५५ वर जवळजवळ १० किमी रुंदी, पाचही शिखरं आरामात. २१० वर अडीच किमी, म्हणजे एक शिखर फ्रेम भरून. ४०० वर सव्वा किमीच्या आसपास, तिथे शिखर सुटतं आणि नुसत्या कडा, हिमनदीच्या भेगा असं काहीतरी उरतं. ते सुंदर दिसतं, पण तू मागितलेला फोटो तो नाही. कौसानीहून त्रिशूळ पन्नास-पंचावन्न किमी, तिथे २१० वर साडेपाच किमीचा पट्टा येतो, तेही पुरे. ६०० ची गरज तुला कुठेच पडत नाही.

दुसरं, उजेड. मुनस्यारीहून पंचाचुली ईशान्येला आहे आणि नोव्हेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, त्यामुळे सकाळी शिखरांची आपल्याकडची बाजू बरीचशी सावलीत असते. खरी मजा संध्याकाळी. सूर्य तिथे पाच-सव्वापाचला मावळतो, पुण्यापेक्षा पाऊण तास आधी, तेव्हा चारलाच जागा धरून बस. गाव अंधारात गेल्यावरही वर बर्फ केशरी, मग गुलाबी होत राहतो, तेव्हा कॅमेरा आवरू नकोस. कौसानीला मात्र पहाटे उठायचंच.

डोंगरदऱ्या
गणित ठीक आहे पण लांब लेन्स असली की पर्याय राहतो. १०० वर पण काढता येतं, ६०० वर पण.

प्रकाशरेषा
तुमची लेन्स १५० पासून सुरू होते, १०० नाही. १५० वर साडेतीन किमी, पाचही शिखरं एकत्र बसवायला ते अपुरं पडतं, आणि पाचही एकत्र ही मेघनाची पहिली अट आहे.

सागर_डोंबिवली
लेन्स कशाला घेताय, सॅमसंग एस २३ अल्ट्रा फोनचा १० एक्स झूम वापरा. माझ्या बायकोने फोनवर काढलेला नंदादेवीचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला.

लेन्सप्रेमी_ठाणे
फोनवर बघायला ठीक, प्रिंट काढा म्हणजे कळेल.

सागर_डोंबिवली
प्रिंट आजकाल कोण काढतं? ताईंनी प्रिंटचं कुठे म्हटलंय?

गिरिजा_नाशिक
उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, चीडच्या (पाइनच्या) जंगलांना वणवे लागतात एप्रिल-मे मध्ये, सगळीकडे धुरकट. नोव्हेंबर उत्तम.

लेन्सप्रेमी_ठाणे
मेघनाताई नोव्हेंबरातच चालल्यात, धागा वाचा हो. पण मुद्दा बरोबर आहे. हवा धुरकट असेल तर लेन्स कितीही महाग असली तरी काही चालत नाही, जितकं लांबचं ओढाल तितकी मधली हवा जास्त. ऊन चढलं की दरीतून गरम हवा वर येते आणि २०० च्या पुढे कडा थरथरल्यासारख्या येतात, लोक म्हणतात लेन्सच सॉफ्ट (धूसर) आहे. म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा थेट दुपारनंतर. थोडंसं धुकं असेल तर बिनसरहून एकामागे एक डोंगररांगा फिकट होत जाताना दिसतात, त्या टेलिफोटोवर फार छान येतात, समोर हिमशिखर नसलं तरी.

सह्यवारा
ट्रायपॉड न्याच. आर ५० च्या बॉडीत स्टॅबिलायझर (हात हलला तर सावरणारी यंत्रणा) नाही, लेन्समध्ये असेल तेवढाच. संध्याकाळी उजेड गेला की हातात धरून जमत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा आणि वारा असेल तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, बुटका ठेवा. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. बॅटरी जास्तीची, ती स्वेटरच्या आतल्या खिशात, थंडीत भराभर उतरते. आणि बाहेरून हीटरच्या खोलीत थेट कॅमेरा नेऊ नका, माझ्या लेन्सवर असं दव धरलं की ती पूर्ण संध्याकाळ गेली. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, खोलीत तासभर तशीच राहू दे.

जुना_कॅमेरावाला
ट्रायपॉड घ्या. बॅटरी जास्तीची ठेवा. आणि टॉर्चचं विसरू नका.

वाटाड्या
अवांतर: मुनस्यारीत मडुआची (नाचणीची) भाकरी आणि भट्ट की चुडकानी (काळ्या सोयाबीनचं कालवण) मिळाली तर सोडू नका. अल्मोड्याची बाल मिठाई येताना.

प्रकाशरेषा
माझं मत: कॅननची जुनी ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम सेकंडहँड घे, सोबत अडॅप्टर. ३७५ अधिक ११० ग्रॅम. २५० पर्यंत मिळतं आणि पैसे उरतात, त्यात बरा ट्रायपॉड येईल. जायच्या आधी पहाटे सिंहगडावर जा आणि राजगडावर लावून बघ, सरळ रेषेत पंधराएक किमी आहे. बालेकिल्ला धारदार आला की लेन्स चांगली.

लेन्सप्रेमी_ठाणे
ईएफ आता जुनं झालं, अडॅप्टरचा लोंबता कारभार कशाला. १००-४०० च.

डोंगरदऱ्या
नाहीतर भाड्याने तरी १५०-६०० ने. पश्चात्ताप होणार नाही.

मेघना_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुकानात जाऊन आले आणि नवी आरएफ-एस ५५-२१० घेतली, ऑफरमध्ये बजेटात बसली. २७० ग्रॅम आहे. १००-४०० हातात घेऊन पाहिली, आवडली, पण एका हातात आई आणि गळ्यात ती लावून बघायचं म्हटलं तर मला नाही झेपणार. बुरशीचं वाचून सेकंडहँडची हिंमत झाली नाही, वॉरंटी हवी होती. भाड्याचा डिपॉझिट जास्त आहे. प्रकाशरेषा, तुमच्या गणिताने २१० पुरतंय, म्हणून निश्चिंत आहे. ट्रायपॉड भावाचा नेतेय. चौकोडीचा मुक्काम वाढवला.

लेन्सप्रेमी_ठाणे
२१० वर एफ ७.१ आहे, म्हणजे उजेड कमी आत येतो, संध्याकाळी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागेल. आधी सांगितलं असतंत तर थांबवलं असतं.

प्रकाशरेषा
ट्रायपॉडवर डोंगर हलत नाही, शटर हवं तेवढं लांब ठेव, आयएसओ १०० च राहू दे. २५० चांगली होती, पण ठीक.

पूर्वा_कोल्हापूर
माझ्याकडे निकॉन झेड ५० आहे, मलाही डिसेंबरात कौसानीला जायचंय, काय घेऊ? बजेट ३० च्या आत.

सह्यवारा
झेड ५०-२५०. ४०५ ग्रॅम, लेन्समध्ये व्हीआर (निकॉनचा स्टॅबिलायझर) आहे. त्रिशूळसाठी पुरे.

डोंगरदऱ्या
पूर्वा, बजेट थोडं वाढवता येईल का?