धोका, जोखीम, खातरजमा: कामावरच्या सुरक्षा-सूचनांसाठी शब्द हवेत

पंचवटीकर:
सिंहस्थासाठी चाललेल्या एका पुलाच्या कामावरच्या सुरक्षा-सूचना मराठीत आणतोय. वाचणारे मुकादम, सुपरवायझर, क्रेनवाले. दोन ठिकाणी अडलोय. 'हॅझर्ड' आणि 'रिस्क', दोन्हींना 'धोका'च लिहिलेला सापडतो. आणि 'ड्यू डिलिजन्स'ला कोणी 'यथोचित तत्परता' सुचवलंय. कामावर ते कोणाच्याच तोंडी बसणार नाही. काय लिहावं?

गोदाकाठ:
धोका आणि जोखीम वेगळेच ठेवा. नदीला पूर येतो हा धोका. तो येण्याची शक्यता किती आणि आला तर कोणाचं किती नुकसान, हा हिशेब म्हणजे जोखीम. पूर आपल्या हातात नाही. पात्रातली यंत्रं आणि मजुरांच्या झोपड्या वेळेत वर हलवणं आहे. तेवढं केलं की धोका तसाच राहतो, पण जोखीम उतरते.

नाशिकला हे नवं नाही. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं, एवढं ऐकून सराफ बाजारातला दुकानदार माल वर चढवायला घेतो. घोटाळा होतो तो पूररेषेच्या भाषेत. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक धरून चालतात की येऊन गेला, आता पंचवीस वर्षं बघायला नको. खरं तर निळ्या रेषेचा अर्थ दर वर्षी 4 टक्के शक्यता, आणि प्रत्येक पावसाळ्यात ती पुन्हा तेवढीच. 25 वर्षं उभ्या राहणाऱ्या बांधकामाला असा पूर निदान एकदा गाठेल, याची शक्यता 64 टक्के निघते. त्यामुळे जिथे 'जोखीम' लिहाल तिथे शेजारी आकडा द्या, नाहीतर निदान 'जास्त, मध्यम, कमी' यांतलं एक लिहा. जोखणे म्हणजे तोलणे, म्हणून 'जोखीम मूल्यांकन'पेक्षा मला 'जोखीम जोखणे' आवडतं.

मेनरोड:
घरी आई अजून म्हणते, "अंगावर जोखीम आहे, रिक्षाने ये." म्हणजे दागिने, रोकड. हा अर्थही सूचनांत उपयोगी पडेल: जोखीम म्हटली की आपण जपतोय काय, हे सांगावं लागतं. 2003 च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. इथे जपायची ती माणसं, हे पहिल्याच ओळीत यावं.

वकील, सीबीएस:
'ड्यू डिलिजन्स'बद्दल. अपघाताच्या फिर्यादीतले शब्द सगळ्यांनी वाचलेले असतात: 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात'. या हयगयीच्या उलट दक्षता. पण दक्षता हा गुण झाला. तुमच्या कागदात एक काम अपेक्षित आहे. त्या कामाला 'खातरजमा' म्हणा. शहानिशा आपण ऐकलेल्या गोष्टीची करतो, खातरजमा स्वतः जाऊन. आणि खातरजमा म्हटली की ती कोणी केली, कशी केली, हे विचारता येतं.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या. कुठल्याही नदीवरच्या पुलाला मोठं भय असतं ते पुरात पायाखालची माती खरवडून जाण्याचं. वर डांबर धड, कठडे धड. खांबाचा तळ पाहिल्याशिवाय 'पाहणी केली' लिहिता येईल, 'खातरजमा केली' लिहू नये.

रेल्वेची पद्धत बघा. नवा मार्ग प्रवाशांना खुला करण्याआधी रेल्वे संरक्षा आयुक्तांची तपासणी लागते, आणि त्यांचा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. बांधणाऱ्याने आपल्याच कामाला पास म्हणू नये, यासाठी ही सोय. तुमच्याकडेही ठेकेदाराच्या सहीवर भागवू नका.

पंचवटीकर:
आभार. तक्त्याचे रकाने बदलले: धोका कोणता, जोखीम कोणाला व किती, खातरजमा कोणी केली. शेवटच्यात तारीख, सही आणि 'काय पाहिलं' एवढी एक ओळ. एक राहिलं: 'निअर मिस'ला काय म्हणू?

गोदाकाठ:
'थोडक्यात टळलेला अपघात'. लांब आहे, पण मजूर संध्याकाळी हेच सांगतो, "थोडक्यात टळलं." त्यासाठी वेगळी वही ठेवा, आणि नोंद करणाऱ्याची हजेरी कापली जाणार नाही हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.