जीआर शोधताना शेवटचं पान पाहा

जीआर, म्हणजे राज्य सरकारचे शासन निर्णय, मुद्दाम दडवून ठेवतात, म्हणून गुगलवर येत नाहीत, असं काही जण म्हणतात; ते तितकंसं पटलं नाही. पुष्कळ पीडीएफ नुसत्या स्कॅन केलेल्या असतात, काहींचे फॉन्ट जुने. आत 'निवृत्तिवेतन' असं ठळक दिसतं, पण शोधयंत्राला तिथे दिसते ती गिचमिड. मग सापडणार कसं? (आळस म्हणा हवं तर, कट नव्हे.)

विषयाच्या शब्दांवरून शोधण्यापेक्षा संकेतांक पकडा. अलीकडच्या जीआरच्या शेवटी, सहीच्या थोडं वर, 'त्याचा संकेतांक अमुक असा आहे' अशी ओळ असते. आकडा लांबलचक, पण पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०१९०१०१ ने सुरू झाला तर १ जानेवारी २०१९. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो थेट टाकता येतो. बाबांच्या पेन्शनच्या वेळी बाबू म्हणाले, "असा जीआरच नाही." आमच्याकडे व्हॉट्सॅपवर आलेला शेवटच्या पानाचा तिरका फोटो होता, त्यातल्या संकेतांकावरून त्यांच्याच टेबलापाशी उभं राहून जीआर मोबाइलवर काढून दाखवला. आणि जीआरच्या सुरुवातीची 'वाचा' किंवा 'संदर्भ' ही यादी सोडू नका, आधीचे जीआर तारखेसकट तिथेच मिळतात.